घरचं संगीत, घरचा टीव्ही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाटात सीडी आणि कॅसेटी, मोबाईलवर गाण्यांची दोन-तीन ॲप्स, टीव्हीवर चार ओटीटी, आणि तरीही हवं ते गाणं हव्या त्या वेळी सापडत नाही. अशा घरांसाठी हे पान आहे. जुनं संगीत उतरवून घेणं, त्याची नावं नीट लावणं, घरातल्या छोट्या सर्व्हरवरून (घरभर फायली पुरवणाऱ्या संगणकावरून) ते ऐकणं आणि ऑनलाइन टीव्ही धड दिसेल असं करणं, याच क्रमानं उत्तरं दिली आहेत.

स्ट्रीमिंगवर सगळंच मिळतं. मग स्वतःच्या फायली कशासाठी?

सगळं मिळत नाही. ॲपवरची गाणी हक्कांच्या करारावर टिकून असतात. करार संपला की गाणं यादीत दिसतं, पण वाजत नाही. छोट्या कंपन्यांनी काढलेल्या भजनांच्या, लोकगीतांच्या कॅसेटी आणि रेडिओवरून घरी टेप केलेले कार्यक्रम यांतलं बरंचसं तिथे कधी पोचलेलंच नाही. आमचं मत स्पष्ट आहे: नवं काही शोधायला, चाखून बघायला स्ट्रीमिंग उत्तम, जे आयुष्यभर ऐकायचं आहे ते स्वतःच्या डिस्कवर हवं.

फ्लॅक की एमपी३? आणि जागा किती लागते?

हे आवाजाच्या फायलींचे प्रकार. साठवायला फ्लॅक, प्रवासात ऐकायला ओपस किंवा एमपी३. फ्लॅक आवाजातलं काहीही टाकून देत नाही, फक्त घडी घालून ठेवतो. सीडीवरचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, म्हणजे सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट असतो. तासाभराची सीडी साधारण ६३५ एमबी भरते आणि फ्लॅकमध्ये तीच ३०० ते ४०० एमबीत बसते. म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर अडीच हजारांच्या आसपास सीडी. फ्लॅकच्या ० ते ८ पातळ्यांमध्ये आवाज तोच राहतो. फरक फक्त फायलीच्या आकारात आणि तयार व्हायला लागणाऱ्या वेळात. ५ वर ठेवा आणि विसरून जा.

एमपी३चं रूपांतर फ्लॅकमध्ये करू नका. गेलेलं परत येत नाही, फाईल मात्र तिप्पट फुगते.

सीडी उतरवताना काय काळजी घ्यायची?

नुसतं 'कॉपी' करू नका. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर वापरा. ही सॉफ्टवेअरं शंका आलेला भाग पुन्हा पुन्हा वाचतात आणि शेवटी 'ॲक्युरेटरिप' या सामायिक यादीशी ताडून बघतात: हीच सीडी आधी इतरांनी उतरवली तेव्हा हेच आकडे आले होते का? जुळले तर निर्धास्त राहा.

मराठी सीडींची अडचण इथेच येते. छोट्या कंपन्यांच्या सीडी त्या यादीत बहुधा नसतातच. मग 'टेस्ट अँड कॉपी' हा पर्याय घ्या: तीच सीडी दोनदा वाचली जाते आणि दोन्ही वेळचा सीआरसी आकडा (वाचलेल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) सारखा आला तर काम पक्कं. दुप्पट वेळ लागतो, लागू द्या.

सीडी पुसताना मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. चमकत्या बाजूचा ओरखडा बऱ्याचदा निभावून जातो. छापील बाजूचा ओरखडा जास्त घातक, कारण माहितीचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो.

कॅसेटी कशा उतरवायच्या?

यात घाई केली की पस्तावायची पाळी येते. आधी डेक स्वच्छ करा. कापसाच्या काडीवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन फीत वाचणारं हेड आणि त्याच्या शेजारची फिरणारी लोखंडी कांडी पुसा. काडी तपकिरी होणं थांबेपर्यंत. रबरी चाक मात्र सौम्य साबणाच्या पाण्यानं पुसा, कारण अल्कोहोलनं रबर कडक होत जातं. वर्षानुवर्षं न वाजलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे फीत सारख्या ताणानं गुंडाळली जाते. कॅसेटच्या तोंडाशी मधोमध नमद्याचा एक बारका तुकडा असतो, तो जागेवर आहे ना हे बघा. तो गळला असेल तर फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज दबका, लाटांसारखा येतो.

मग हेडचा कोन. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन जुळेलच असं नाही. हेडच्या बाजूला स्प्रिंग घातलेला एक छोटा स्क्रू असतो. त्याची मूळ जागा पेननं खुणेसाठी आखून ठेवा, दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोमध्ये ऐका आणि स्क्रू अगदी किंचित, एकदा इकडे एकदा तिकडे, फिरवा. टाळांचा किणकिणाट किंवा 'स'चा सीत्कार जिथे सर्वांत स्वच्छ ऐकू येईल तिथे थांबा. एवढ्या एका गोष्टीनं जो फरक पडतो तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं पडत नाही.

डेकच्या 'लाइन आउट'मधून वायर काढा. लॅपटॉपवरचं एकुलतं एक भोक बहुतेक वेळा मोनो माइकचं असतं, तिथे जोडू नका. लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ लावा आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील इतकी पातळी ठेवा. सी-६० कॅसेटची एक बाजू, म्हणजे ३० मिनिटं, साधारण ४७५ एमबी होते. कॅसेटवर डॉल्बीची (फितीची खरखर कमी करणाऱ्या सोयीची) खूण नसेल तर डेकवरचा डॉल्बी बंदच ठेवा.

आवाज साफ करण्याबद्दल एक इशारा. नॉइज रिडक्शनला सतत वाजणारा एकसारखा आवाज म्हणजे कचरा वाटतो. तानपुरा नेमका तसाच असतो. तानपुरा सुरू झाल्यानंतरचा तुकडा नमुना म्हणून दिलात तर सॉफ्टवेअर फितीच्या खरखरीबरोबर तानपुराही खाऊन टाकतं आणि गायक पोकळीत गातोय असं वाटतं. नमुना तानपुरा लागण्याआधीच्या दोन-तीन सेकंदांचाच घ्या, ६ डेसिबलपेक्षा जास्त कमी करू नका आणि न साफ केलेली मूळ फाईल कायम जपून ठेवा.

नावं देवनागरीत लिहिली की गाणी शोधात सापडत नाहीत. असं का?

कारण डोळ्यांना सारखं दिसणारं अक्षर संगणकाला सारखं नसतं. 'ताऱ्यांचे' मधला ऱ्य घ्या. तो तीन प्रकारे टाइप होतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, साधा र आणि खाली नुक्ता (टिंब) देऊन, किंवा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच. तुम्ही मोबाईलवरून एका प्रकारे शोधता, फायलीत दुसरा प्रकार असतो आणि 'काही सापडलं नाही' असं उत्तर येतं. ॲ चंही तसंच: एक अखंड अक्षर, आणि अ वर चंद्र चढवलेलं दुसरं. मराठी याद्यांत सर्वांत जास्त घोळ या दोन अक्षरांनी होतो.

पहिल्या दोन प्रकारांतला फरक युनिकोडच्या (संगणकाच्या अक्षरसंचाच्या) 'एनएफसी' या एका ठरावीक रूपात आणल्यावर मिटतो. लिनक्सवरचं कन्व्हएमव्ही फायलींची नावं तशी बदलून देतं. जुन्या मॅकवरून आलेल्या डिस्कवर हे हमखास करावं लागतं. न दिसणारं जोडचिन्ह आणि अ वरचा चंद्र मात्र एनएफसीनं जात नाहीत. टॅग म्हणजे फायलीच्या आत लिहिलेली गाण्याची माहिती; ती बदलणाऱ्या एमपी३टॅग या सॉफ्टवेअरमध्ये 'शोधा आणि बदला' कृती तयार करून ठेवा आणि नवा अल्बम आला की आधी ती चालवा.

दुसरा फटका लांब नावांचा. लिनक्सच्या फायलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजवर चाललेली 'गाण्याचा पूर्ण मुखडा – गायक – चित्रपट – वर्ष' अशी नावं सर्व्हरवर नेताना कॉपी मध्येच अडते. नावात फक्त क्रमांक आणि गाण्याचे पहिले शब्द ठेवा. बाकी सगळं टॅगमध्ये.

टॅगमध्ये नेमकं काय भरायचं?

म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या टॅग भरणाऱ्या सॉफ्टवेअरनं सुरुवात करा. ते आवाजाचा ठसा घेऊन गाणं ओळखतं. मराठी अल्बम म्युझिकब्रेन्झच्या यादीत नसला तर तो तुम्ही स्वतः तिथे घालू शकता, आणि घालावा. पुढच्या माणसाचं काम वाचतं.

'अल्बम आर्टिस्ट' हा रकाना कधीही रिकामा सोडू नका. बारा गायकांच्या संकलनात तो रिकामा असला की एका अल्बमचे बारा तुकडे होतात. तिथे 'विविध कलाकार' लिहा. 'पं. भीमसेन जोशी', 'पंडित भीमसेन जोशी' आणि 'भीमसेन जोशी' हे सर्व्हरच्या लेखी तीन गायक आहेत. कुठलंही एक रूप ठरवा. उपाधी टिपणीच्या रकान्यात ठेवली तर यादीही नीट लागते.

भावगीत आणि नाट्यगीत आपण गीतकार-संगीतकारांवरूनही शोधतो. म्हणून 'कंपोझर' आणि 'लिरिसिस्ट' हे रकाने नेमानं भरा. नेव्हिड्रोम या संगीत सर्व्हरच्या सॉफ्टवेअरच्या अलीकडच्या आवृत्त्या या भूमिका वेगळ्या ओळखतात. शास्त्रीय संगीतात राग आणि ताल शीर्षकातच घ्या, उदाहरणार्थ 'यमन – विलंबित एकताल', आणि रागाचं नाव 'ग्रुपिंग' रकान्यातही. फ्लॅकमध्ये 'राग' नावाचा स्वतःचा रकाना करता येतो, पण बहुतेक प्लेअर तो दाखवत नाहीत.

विलंबितातून द्रुतात जाताना मध्येच क्षणभर आवाज तुटतो. सीडी खराब आहे का?

नाही. सीडीवर दोन्ही एकसलग असतात, फक्त ट्रॅक वेगळे. एमपी३ प्रत्येक फायलीच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरतो. प्लेअरनं ती कापली नाही तर नेमका समेवर खड्डा पडतो. फ्लॅकमध्ये अशी भर नसते. तरीही तुटत असेल तर प्लेअरमध्ये 'गॅपलेस' चालू आणि 'क्रॉसफेड' (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) बंद करा.

सर्व्हर म्हणून कोणतं यंत्र घ्यावं?

फक्त संगीत असेल तर २ जीबीचा रास्पबेरी पाय ४ भरपूर झाला. व्हिडिओही हवा असेल तर इंटेल एन१०० चा मिनी पीसी, ८ जीबी मेमरी आणि वेगळी ४ टीबीची डिस्क. त्यातला क्विक सिंक भाग व्हिडिओचं रूपांतर प्रोसेसरला न दमवता करतो. असं यंत्र सरासरी १० वॅट घेतं असं धरलं तर वर्षाला सुमारे ८८ युनिट वीज.

पाय ५ वेगवान आहे, पण व्हिडिओ सर्व्हरसाठी आम्ही तो सुचवत नाही. त्यात एच.२६४ हा नेहमीचा व्हिडिओ प्रकार उलगडणारा हार्डवेअर भाग नाही आणि व्हिडिओ तयार करणाराही नाही. शिवाय त्याला ५ व्होल्ट ५ ॲम्पिअरचा चार्जर लागतो. साध्या चार्जरवर तो यूएसबीला एकूण ६०० मिलिॲम्पिअरच देतो. डिस्क मध्येच गायब होते, टकटक वाजते, अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

जेलिफिन, प्लेक्स, नेव्हिड्रोम यांतलं काय?

ही तिन्ही सर्व्हरवर बसवायची सॉफ्टवेअरं. व्हिडिओला जेलिफिन, संगीताला नेव्हिड्रोम. दोन्ही एकाच यंत्रावर सुखानं नांदतात. जेलिफिन २०१८ च्या डिसेंबरात एम्बी या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळं झालं, पूर्ण मुक्त आहे आणि हार्डवेअर रूपांतरासाठी पैसे मागत नाही. प्लेक्समध्ये त्याला सशुल्क पास लागतो. प्लेक्सची मांडणी देखणी आहे आणि घरातल्या ज्येष्ठांना ती लवकर जमते, हे मान्य. नेव्हिड्रोम सबसॉनिक या संगीत सर्व्हरची भाषा बोलतं, त्यामुळे मोबाईलसाठी डझनभर ॲप्समधून आवडेल ते निवडता येतं.

पोर्ट फॉरवर्ड करूनही (राउटरवर बाहेरून आत यायची वाट उघडूनही) बाहेरून सर्व्हर लागत नाही.

राउटरच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेट कंपनीनं राउटरला दिलेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानंही सुरू होत असेल तर तुमची इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटते आहे आणि बाहेरून येणारी वाट तिच्याकडेच बंद होते. राउटरवर कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. टेलस्केल हे दोन यंत्रं खाजगी वाटेनं जोडणारं सॉफ्टवेअर दोन्हीकडे बसवा. पोर्ट उघडावं लागत नाही आणि सर्व्हर जगासमोर उघडाही पडत नाही. मुलगा न्यू जर्सीत आणि डिस्क सांगलीत असेल तरी हे चालतं. फक्त सांगलीच्या कनेक्शनचा अपलोड वेग बघा: फ्लॅकला १ एमबीपीएसच्या आसपास लागतो, कमी पडला तर नेव्हिड्रोमला ओपस १२८ (सेकंदाला १२८ किलोबिट) करून पाठवायला सांगा.

४के चे पैसे भरतो, तरी चित्र अंधुक. दोष कुणाचा?

क्रमानं तपासा. आधी उपकरण: ओटीटी सेवा वाइडवाइन नावाचं कुलूप वापरतात. उपकरणाला त्याची एल१ पातळी असेल तरच पूर्ण दर्जा मिळतो. एल३ असेल तर कितीही महाग योजना घेतली तरी अनेक सेवा साध्या दर्जावर थांबतात. 'डीआरएम इन्फो' सारखं ॲप पातळी सांगतं. मग वायर: ४के साठी साखळीतल्या प्रत्येक यंत्राला एचडीसीपी २.२ (वायरीतून होणारी नक्कल रोखणारं कुलूप) लागतं. मध्ये स्पीकरसाठीचा जुना रिसीव्हर असेल तर स्ट्रीमिंगची स्टिक थेट टीव्हीला जोडून बघा. चित्र सुधारलं तर चोर सापडला. शेवटी वेग: नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएस मागतं आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा खातं.

शेजारी ओरडतात तेव्हा आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो.

ऑनलाइन प्रक्षेपण काही सेकंदांच्या तुकड्यांत येतं. तुकडा बहुधा ६ सेकंदांचा असतो आणि प्लेअर अडखळू नये म्हणून तीनेक तुकडे हाताशी ठेवतो. इथेच १८ सेकंद गेले. वर चित्र तयार करणं आणि पोचवणं. डिश कायम पुढेच राहणार. नेट मध्ये मध्ये थांबलं की ॲप आणखी मागे पडत जातं, तेव्हा 'लाइव्ह'चं बटण दाबून पुढे आणा. आणि स्कोअरच्या सूचना बंद ठेवा.

कॅमेरा आडवा सरकताना चित्र झटके खातं.

नेटचा दोष नाही. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा, आपल्याकडच्या टीव्हीचा मजकूर २५ चा, आणि स्टिक मात्र ६० वर अडकलेली. २५ चित्रं ६० त बसवताना काही चित्रं दोनदा दिसतात, काही तीनदा. डोळ्याला ते ठेचकाळल्यासारखं जाणवतं. सेटिंगमध्ये 'मॅच फ्रेम रेट' चालू करा. कोडी या प्लेअरमध्ये 'ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' आहे. ॲपनं साथ दिली नाही तर दूरदर्शनचे कार्यक्रम बघताना हातानं ५० हर्ट्झ लावा. टीव्हीचं 'मोशन स्मूदिंग' हा यावरचा उपाय नाही. त्यानं चित्रपटही मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो.

संवाद ऐकू येत नाहीत, मारामारी मात्र कान फाडते.

ध्वनी ५.१ चा (सहा चॅनलचा) निवडलेला असतो आणि टीव्हीला दोनच स्पीकर. संवाद मधल्या चॅनलवर असतात, ते दोघांत वाटताना दबतात. ऑडिओच्या यादीतून 'स्टिरिओ' निवडा. नसेल तर टीव्हीचा 'नाइट मोड'.

वायफाय पूर्ण दिसतं, तरी व्हिडिओ थांबतो.

काड्या २.४ गिगाहर्ट्झच्या असतील. त्या पट्ट्यात इमारतीतले सगळे राउटर भांडत असतात. टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर घ्या. आरसीसीच्या दोन भिंती मध्ये आल्या तर कॅट ५ई ची नेटवर्क वायर ओढा. एक बारकावा: पुष्कळ टीव्हींचं लॅनचं भोक १०० एमबीपीएसचंच असतं. ओटीटीला ते पुरतं, पण सर्व्हरवरची ४के ब्लू-रेची मूळ फाईल काही प्रसंगांत त्यापुढे जाते आणि वायर असूनही अडखळते. तिथे ५ गिगाहर्ट्झ वायफाय सरस ठरतं.

मराठी सबटायटल्सच्या जागी चौकोन दिसतात.

चौकोन म्हणजे फॉन्ट नाही: नोटो सान्स देवनागरी बसवा आणि जेलिफिनमध्ये तो पर्यायी फॉन्ट म्हणून दाखवा. अक्षरं दिसतात पण 'कि'ची वेलांटी क च्या उजवीकडे आणि जोडाक्षरं हलन्तासकट मोकळी पडलेली, असं असेल तर प्लेअरला अक्षरं जोडताच येत नाहीत. प्लेअर बदला, एमपीव्ही हे नीट करतो. चमत्कारिक युरोपीय अक्षरांची माळ आली तर फाईल यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवण्याची पद्धत) म्हणून वाचली जात नाहीये.

दूरदर्शन आणि फुकट वाहिन्या कायदेशीरपणे कशा बघायच्या?

प्रसार भारतीचं 'वेव्हज' ॲप २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनावेळी सुरू झालं; दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावर आहेत. डिश लावायची तयारी असेल तर डीडी फ्री डिशला मासिक भाडं नाही. दोन-तीनशे रुपयांत हजार वाहिन्या देणाऱ्या याद्या आणि पेट्या घेऊ नका. त्या चोरीच्या असतात, आणि काही स्वस्त अँड्रॉइड पेट्यांत हानिकारक सॉफ्टवेअर आधीच भरलेलं आढळलं आहे. पेटीच्या प्ले स्टोअरमध्ये 'प्ले प्रोटेक्ट'ची मान्यता बघा.

उतरवलेल्या कॅसेटी इंटरनेटवर टाकल्या तर चालेल का?

सरसकट नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९६५ साली प्रकाशित झालेली मुद्रणं १ जानेवारी २०२६ ला मोकळी झाली. पण शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, आणि ते त्या त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात.

वीज वरचेवर जाते. संग्रह कसा जपायचा?

डिस्क एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये ठेवू नका. लिहिता लिहिता वीज गेली की पूर्ण फोल्डर नाहीसं होऊ शकतं. सर्व्हरला कायम जोडलेली डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ फॉरमॅटमध्ये करा. यूपीएस यूएसबीनं सर्व्हरला जोडा, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो.

दोन डिस्कचा रेड (दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिणारी जोडी) म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेलं फोल्डर रेडमध्ये दोन्हीकडून एकाच क्षणी पुसलं जातं. तीन प्रती हव्यात: सर्व्हरवर एक, कपाटात काढून ठेवलेल्या डिस्कवर एक, आणि तिसरी दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा मामांकडे. दर फ्लॅक फायलीत तिच्या आवाजाचा एमडी५ हा पडताळणीचा ठसा असतो. फ्लॅकची तपासणीची आज्ञा सहा महिन्यांनी एकदा सगळ्या प्रतींवर चालवा. ज्या फायलीवर ती चूक दाखवेल ती दुसऱ्या प्रतीवरून लगेच बदला, आणि बदलण्याआधी ती दुसरी प्रतही तपासून घ्या.